बंदरगावी ओळख हवी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकणातूनच जातो, पण कोकणच्या बंदरांना तो जवळजवळ बगल देतो. महाड, खेड, चिपळूण, राजापूर ही त्याच्यावरची गावे समुद्रापासून बरीच आत आहेत. तिथे नद्या आणि खाड्या अरुंद होतात आणि पूल बांधणे सोपे पडते. चौल, मुरूड, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही खाडीच्या मुखाशी किंवा थेट समुद्रावर वसलेली गावे बघायची, तर महामार्ग सोडून किनाऱ्याच्या रस्त्याला लागावे लागते. हा रस्ता सलग नाही. भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवून मांडव्याला उतरायचे, पुढे आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. अशा प्रवासाला निघणाऱ्यांमध्ये आता एक रीत चांगली रुळली आहे. वाटेवरच्या गावात राहणारा, आजवर फक्त इंटरनेटवर भेटलेला एखादा मित्र असतो. त्याला आधी कळवायचे आणि त्याच्या सोबतीने गाव बघायचे. काहींना ही रीत धोक्याची वाटते, काहींना उथळ. माझे मत उलट आहे. बंदरगावांच्या इतिहासाशी ही रीत जितकी जुळते तितकी पर्यटनाची दुसरी कोणतीही पद्धत जुळत नाही, आणि अशा ओळखीवाचून ही गावे बाहेरच्या माणसाच्या हाती फारशी लागत नाहीत.

हाती लागत नाहीत, याला कारण आहे. डोंगरी किल्ला चढून गेले की तो कशासाठी बांधला हे वरून दिसते. बंदराचे तसे नसते. ज्याच्यामुळे बंदर होते ते खोल पाणी गाळाने भरून जाते, गलबते येईनाशी होतात आणि मागे राहते ते एक साधे कोकणी गाव. राजापूर हे याचे ठळक उदाहरण. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती. १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन कैदेत गेला. मोठी गलबते ज्या खाडीतून राजापूरपर्यंत येत ती पुढे गाळाने उथळ झाली. आज पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते तेव्हा राजापूरचे नाव बातम्यांत येते. दाभोळची गोष्टही अशीच. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळची जहाजे होर्मुझला आणि लाल समुद्रापर्यंत जात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याने हे शहर जाळले. धक्क्यापासून जवळच विजापुरी घाटाची जुनी मशीद उभी आहे. पण फेरीबोट गाठायच्या घाईत गाड्या तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून सरळ निघून जातात.

चौललगतच्या रेवदंड्याला तर रस्ताच पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. आत शिरलेल्या माणसाला मात्र आपण किल्ल्यात आहोत हे बरेचदा कळत नाही, कारण तटाच्या आत घरे आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रहाट आहेत, शाळा आहे. चर्चची पडकी भिंत कुणाच्या वाडीच्या कुंपणापलीकडे असते आणि सातखणी बुरूज झाडांच्या शेंड्यांवरून डोकावतो. तिकडे जाणारी पायवाट कुठून फुटते, वाडीतून जायला कुणाला विचारायचे, ओहोटीच्या वेळी समुद्राच्या बाजूने तटाखालून कितपत चालता येते, हे गावातलाच माणूस सांगू शकतो. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. १७४० मध्ये मराठ्यांनी हा सगळा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज निघून गेले, तरी कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमधून घडलेली एक वेगळीच बोली घरात बोलत राहिली आणि आजही बोलतात. चहूकडे मराठी, मुलांची शाळा मराठी, आणि उंबऱ्याच्या आत ही बोली. किल्ला बघून, फोटो काढून परतणाऱ्याला ती ऐकूही येणार नाही. ती ऐकायची तर कुणाच्या तरी ओटीवर बसावे लागते, आणि ओटीवर बसायला ओळख लागते.

ओळखीवर चालणे हा बंदरांचा मूळ धर्मच होता. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले असे दहा हजारांच्या आसपास मुसलमान चौलात राहतात, असे त्याने नोंदवले आहे. त्यांचे आपसातले प्रश्न सोडवण्यासाठी राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. म्हणजे परक्या देशातून उतरणाऱ्या माणसाला ओळखीची जागा मिळेल, अशी व्यवस्था बंदराने स्वतःच करून ठेवली होती. बाराव्या शतकातला अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा यहुदी व्यापारी मंगळुरात बरीच वर्षे राहिला. त्याला एडनहून आलेली पत्रे कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये सापडली. मिरी, लोखंड, तांब्याची भांडी यांचा हिशेब त्यांत आहेच, शिवाय भेट म्हणून पाठवलेली साखर, मनुका आणि कोरे कागद यांचाही उल्लेख आहे. पत्राला उत्तर यायचे तर वारा फिरेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, थांबावे लागे. वर्षानुवर्षे तोंड न बघता माणसे एकमेकांवर माल, पैसा आणि घरच्या चिंताही सोपवत होती. समोरासमोर बसल्याशिवाय खरी मैत्री होत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही पत्रे आठवावीत. दूरवरून लिहून जोडलेली मैत्री या किनाऱ्याला हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

आणि ओळख नसलेल्याचे काय होई, तेही नोंदलेले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. लोक त्याला बघायला मागे मागे फिरत, असे तो लिहितो. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खुरासानहून आलेल्या एका वजनदार माणसाने मध्ये पडून शब्द टाकला, तेव्हा तो सुटला आणि घोडाही परत मिळाला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. माझ्या दृष्टीने तो एका धाडसी प्रवाशाचा आहे, तसाच शब्द टाकणाऱ्या त्या मध्यस्थाचाही आहे.

मराठी माणसाने इंटरनेटवर एकमेकांना शोधायला फार आधी सुरुवात केली. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथे अमेरिकेतला मराठी माणूस आणि पुण्यातली मराठी बाई पाककृतींवर आणि गडकिल्ल्यांवर बोलू लागले, त्याला आता एक पिढी उलटली. पुढे अशी आणखी ठिकाणे झाली, गटग (म्हणजे गेट-टुगेदर) आणि कट्टे भरू लागले, पावसाळी सहली निघाल्या. नंतर फेसबुकवरचे दुर्गप्रेमींचे गट आणि व्हॉट्सअॅपचे समूह आले. या सगळ्यांतून किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक तालुक्यातला कुणी ना कुणी लिहिता माणूस बाहेरच्यांना ठाऊक झाला. कुणी शाळेत शिकवतो, कुणी आंबा-काजूचा व्यवसाय करतो, कुणी बँकेत आहे. त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या गावाविषयी लिहिले आणि आपण वाचले. एखाद्या समूहावर दहा वर्षे मांडलेली मते, केलेले वाद, कबूल केलेल्या चुका ही माणसाची भली मोठी ओळख असते. लग्न ठरवतानासुद्धा इतकी माहिती हाती नसते.

पण फसवणुकीचे काय, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला नुसते भाबडेपणाने उत्तर देता येणार नाही. खोटे नाव आणि खोटा फोटो लावून माणसांना गंडवण्याचे प्रकार रोज घडतात, आणि एकट्या बाईने कुणा अनोळखी माणसाच्या भरवशावर अनोळखी गावात जाणे जोखमीचे आहे. इथेही जुन्या व्यापाऱ्यांची शिस्त उपयोगी पडते. ते कुणावरही डोळे मिटून विश्वास टाकत नसत. नव्या माणसाची शिफारस जुन्या भागीदाराकडून येई, आणि कुणी दगाबाजी केली तर त्याची बातमी पत्रांतून बंदरोबंदरी पोचे. मग त्याच्याशी व्यवहार करायला कुणी तयार होत नसे. नेमके हेच आजही करायचे. ज्याला तुमच्या समूहातले चारजण प्रत्यक्ष भेटले आहेत, त्यालाच भेटावे. पहिली भेट दिवसाउजेडी, बाजारात किंवा खानावळीत असावी, शक्यतो दोघे-तिघे मिळून जावे, आणि कुठे, कुणाबरोबर आहोत हे घरी कळवलेले असावे. पंधरा दिवसांपूर्वी खासगी निरोप पाठवून गोड बोलू लागलेला माणूस यात बसत नाही. त्याला मित्र म्हणणे हीच पहिली चूक.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्थानिक माणूस सांगेल ते खरे कशावरून? गावोगावच्या ऐकीव कथा इतिहास म्हणून पसरतात, आणि इंटरनेटने तर त्यांना पंख दिले आहेत. विजयदुर्गाचेच बघा. किल्ल्यात जुने चौथरे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बिणी लावून हेलियमचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तथ्य वेगळे आहे. १८६८ च्या ग्रहणाचे प्रसिद्ध निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूरहून केले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाला तो खरोखरच आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. म्हणजे गावाची आठवण निराधार नाही, तिची तारीख सरकली आहे. स्थानिक मित्र तुम्हाला ओट्यांपाशी नेतो, गिर्ये गावाच्या बाजूला खडकात खोदलेली आंग्र्यांच्या काळची आरमारी गोदी दाखवतो, भरतीचे पाणी तिच्यात कसे शिरत असेल ते जागेवर समजावतो. तारीख पडताळण्याचे काम पाहुण्याने घरी बसून करायचे आणि ते त्या मित्राला कळवायचे. अशी देवाणघेवाण गावाच्या इतिहासाला पुस्तकापेक्षा जास्त लवकर शुद्ध करते, कारण दुरुस्ती थेट सांगणाऱ्याच्या कानावर जाते. पर्यटकांना घोकलेले पाठ ऐकवणाऱ्या वाटाड्याकडे ती पोचायला मार्गच नसतो.

मित्राला फुकटचा वाटाड्या करून टाकण्याचा धोका मात्र आहेच. कोकणी माणूस भिडस्त असतो, नाही म्हणत नाही. घरात लग्न असो की आंब्याची काढणी, पाहुण्याला वेळ देतो. म्हणून मुक्काम गावातल्या घरगुती निवासात पैसे देऊन करावा, त्याच्या घरी फक्त चहाला जावे, आणि शिमगा-गणपतीत चाकरमान्यांनी घरे भरलेली असताना जाऊ नये. सगळे मिळून गप्पाच मारत बसतात आणि गाव राहून जाते, अशीही तक्रार ऐकू येते. ती तर फेरीबोटीच्या रांगेतच मिटते. गप्पा तिथे होतात आणि गाव पलीकडे असते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. त्यांच्याकडे आता जगाचे लक्ष वळेल आणि बसगाड्या भरून माणसे येतील. वेंगुर्ल्याची मोडकळीला आलेली डच वखार, दाभोळची मशीद, राजापूरचे जुने बंदर, कोर्लईची बोली यांच्या वाट्याला तसली गर्दीही येणार नाही आणि पैसाही. त्यांना कुणी विचारणारे असेल तर ते एकेका गावातल्या लिहित्या माणसांचे दूरचे मित्रच असतील. शिवाय रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल होऊ घातले आहेत. ते हवेतच, कारण रात्री-बेरात्री आजाऱ्याला पलीकडे न्यायला फेरीबोट पुरी पडत नाही. मात्र पूल झाल्यावर गाड्या थांबायच्या बंद होतील आणि धक्क्यावरची गावे मागे पडतील, जशी महामार्गामुळे आधी एकदा पडली. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. तेव्हा दिवाळीनंतरचा बेत करा. ज्याचे लिखाण इतकी वर्षे वाचत आलात त्या किनाऱ्यावरच्या माणसाला आजच चार ओळी लिहा, त्याला कोणते दिवस सोयीचे आहेत ते विचारा, आणि येताना तुमच्या गावाकडचे काय आणू, तेही विचारा.