विषाचा वाटाड्या
राजूरच्या मुलखात आषाढात भाताची आवणी सुरू झाली की खाचरात वाकलेल्या माणसांच्या मनात घोणसाचे भय असतेच. आणि दंश झालेल्या पायाची सूज घोट्यावरून पोटरीकडे चढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विष किती त्वरेने मार्ग काढते हे निराळे सांगावयास नको. तो मार्ग मोकळा करण्यात विषातीलच हायलुरोनिडेज नावाच्या विकराचा मोठा हात असतो. पेशींच्या सभोवार हायलुरोनिक आम्लाचे जे चिकट, पाणी धरून ठेवणारे वेष्टन असते, त्याच्या लांबलचक रेणूंचे हा विकर तुकडे करतो.

कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे काढलेले हेच आम्ल आज घट्ट जेलच्या रूपात, ‘फिलर’ या नावाने, ओठ भरदार करण्यासाठी व सुरकुत्या बुजविण्यासाठी टोचले जाते. बहुधा ते निर्वेध पार पडते. परंतु क्वचित सुईचे टोक रोहिणीत शिरून जेलने रक्ताची वाट अडविली, तर त्वचा एकाएकी पांढरीफटक पडते, तिच्यावर निळसर-जांभळी जाळी उमटते, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रक्त परतण्यास विलंब लागतो. वेदना मात्र दर वेळी असतेच असे नाही, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे. यावर इलाज तोच विकर, औषधाच्या शुद्ध स्वरूपात: डॉक्टर तो बाधित भागात सढळ मात्रेने टोचतात, तासाभराने बोट दाबून पाहतात, आणि रंग परतला नसेल तर पुन्हा टोचतात. काही तास वाया गेले, तर त्वचा मरू लागते.

हे औषध दुर्मीळ नाही; मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूल डोळ्याभोवती नीट पसरावी म्हणून नेत्रवैद्य ते वर्षानुवर्षे वापरीत आले आहेत. म्हणूनच ज्या दवाखान्यात फिलर टोचतात, त्याच्या कपाटात ते नसणे मला अक्षम्य वाटते. जेल उलट्या दिशेने नेत्ररोहिणीत गेले तर दृष्टिपटल जेमतेम तास-दीड तास तग धरते, आणि तेथे या विकराचा गुण येईलच अशी खात्री नसते. कॅल्शियमयुक्त फिलर तर त्याने विरघळतच नाही.

मधमाशीच्या विषातही हा विकर असतो. तेव्हा डंखाने ज्यांचा श्वास कधी कोंडला असेल, त्यांनी ती हकीकत फिलरची सुई घेण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण रोहिणी अडल्यावर चौकशीला उसंत राहत नाही.