‘शुद्ध’ गावरान बाजरी?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि प्रदर्शनांतल्या पुड्यांवर एक वाक्य चिकटलं ते निघतच नाही: ‘हजारो वर्षं जशीच्या तशी जपलेली शुद्ध गावरान बाजरी’. भाव अर्थातच चढा. आता हेच वाक्य शेतीच्या चर्चासत्रांतही ऐकू येतं, तेही शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून. यातलं ‘गावरान’ एक वेळ खरं मानू. ‘शुद्ध’ आणि ‘जशीच्या तशी’ या दोन्ही थापा.

बाजरी गव्हासारखी स्वतःच्याच परागांवर फळत नाही. कणीस निसवलं की आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात, परागकोष काही दिवसांनी. तोवर वाऱ्यावर आलेले दुसऱ्या ताटांचे पराग काम उरकून मोकळे होतात. त्यामुळे गावरान बाजरीच्या शेतात प्रत्येक ताट जनुकीयदृष्ट्या निराळं असतं. एखादं लवकर फुलतं, एखादं रेंगाळतं, एखाद्याला फुटवेच फार. पावसाने जुलैत दडी मारली काय किंवा सप्टेंबरात, काही ताटांत तरी दाणा भरतो. या वाणांची ताकद त्यांच्यातल्या सरमिसळीत आहे. आणि शुद्धतेचा ध्यास घेतलेली मंडळी करतात काय, तर एकसारखी चार देखणी कणसं निवडून तेवढंच बी धरतात! जवळच्या नात्यातला संकर होत जातो, पुढच्या पिढ्या खुरटतात, आणि दोष जातो हवामानाला.

‘जशीच्या तशी’चं उत्तर नायजरमध्ये मिळतं. तिथल्या गावांतून १९७६ साली बाजरीचं बी गोळा केलं होतं. २००३ साली त्याच गावांतून पुन्हा केलं. मधल्या काळात सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्याने सत्तर-ऐंशीच्या दशकांतले भीषण दुष्काळ पाहिले होते. दोन्ही बियाणी एकत्र पेरून तपासली, तेव्हा २००३ची बाजरी लवकर फुलणारी निघाली. ताटं आणि कणसंही थोडी लहान. लवकर फुलण्याशी जोडलेल्या ‘पीएचवायसी’ या जनुकाचं एक रूप निव्वळ योगायोगाने वाढेल त्याहून जास्त वाढलं होतं. कुणाला शंका असेल तर हा अभ्यास ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात २०११ साली छापून आला आहे. शेतकरी नेहमीसारखं घरचंच बी धरत होते. चाळण दुष्काळाने लावली. पण चाळायला मुळात विविधता होती म्हणून हे जमलं.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘बघा, संकरित बाजरी गोसावी रोगाने बसली, गावरान टिकली.’ हो, १९६५ साली एचबी-१ ही संकरित बाजरी आली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एचबी-३चं गोसावीने वाटोळं केलं. पण का? दोन्हींचं मादी वाण एकच होतं, अमेरिकेतून आलेलं टिफ्ट २३ए. शेतंच्या शेतं एका साच्यातली, त्यामुळे रोगाला एक ताट पचलं की सगळी पचली. नडला तो एकसारखेपणा. आणि पुडीवर ‘शुद्ध’ छापणाऱ्यांना तोच हवा आहे!

बाकीचे गैरसमज भराभर. बाजरी मूळची आपली? नाही, ती साहेलमध्ये माणसाळली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, आणि तिथून इकडे आली. बाजरीला पाणी लागतच नाही? कमी लागतं, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना ताण बसला तर तीही मार खाते. बी जनुकपेढीत ठेवलं की काम संपलं? हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पेढीत बाजरीचे वीस हजारांहून जास्त नमुने आहेत, ते हवेतच. पण शीतगृहातलं बी नायजरच्या बाजरीसारखं दुष्काळासोबत बदलत नाही. सुधारित वाण म्हणजे गावरानचा शत्रू? राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी २०१२ साली महाराष्ट्राला दिलेली लोहयुक्त ‘धनशक्ती’ आयसीटीपी ८२०३ या वाणातून निवडलेली आहे, आणि ते वाण उत्तर टोगोतल्या गावरान बाजरीतून आलं. शिवाय ती संकरित नाही. बी घरी धरता येतं. फक्त चार कणसांवर धरू नका, आणि शेजारच्या संकरित बाजरीपासून लांब पेरा.