एक चूल, दोन संसार

थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ साली खुला झाला आणि इगतपुरी रेल्वेचे गाव झाले. पण क्वार्टर नोकरीपुरते. वडील निवृत्त झाले आणि आम्ही काकांच्या दोन खोल्यांत आलो. पुढे माझा संसारही तिथेच, साडीच्या पडद्याआड सुरू झाला. लोक म्हणत, 'राहायला घर आहे की!'

जनगणनेतही एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. पडद्याआडचा संसार तिथे वेगळा दिसत नाही. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ साली तो हिशेबात धरला. शहरी भारतात १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची तूट निघाली. त्यांतली १ कोटी ४९ लाख ९० हजार दाटीवाटीने राहणाऱ्यांची, बेघरांची अवघी ५ लाख ३० हजार.

२०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेने (शहरी) कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले, असे धरले. त्यामुळे नातेवाइकाच्या पक्क्या घरात राहणारे जोडपेही, देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नसले आणि उत्पन्न मर्यादेत असले, तर त्या योजनेत अर्ज करू शकत होते.

आज त्याच खोल्यांत माझा मुलगा आणि सून राहतात. घर चुलतभावाच्या नावावर आहे. 'अर्जात काय लिहू?' मुलाने विचारले. म्हटले, 'खरे तेच लिही. आसरा आहे, घर नाही.'