पाप की अपाय?

1934 साली मुंबईच्या न्यायालयात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या प्रश्नांना संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी सरळ उत्तरे दिली, एवढाच गुन्हा. त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यावरून अश्लील ठरत नाही आणि लोक विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, असे त्यांनी मांडले. निकाल विरोधात गेला. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

देव, धर्मग्रंथ आणि परलोक बाजूला ठेवले, तर एखादे कृत्य वाईट कशामुळे ठरते? कर्वे गणिताचे प्राध्यापक आणि पक्के नास्तिक. कृत्यातून कुणाला अपाय होतो का, हे ते पाहत. या कसोटीवर दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधात पाप उरत नाही. बायकोच्या मनाविरुद्ध केलेली जबरदस्ती मात्र, लग्न झालेले असले तरी, वाईटच ठरते. आपला रोग जोडीदारापासून लपवणे वाईट. बाईच्या जिवाची पर्वा न करता तिच्यावर बाळंतपणे लादणे वाईट. म्हणूनच 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधले केंद्रही त्याच वर्षीचे. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली.

अशी इहवादी नीती म्हणजे मोकाट सुटण्याचा परवाना, हा आक्षेप आजही ऐकू येतो. मला ती अधिक कडक वाटते. पापाला उपास, दान, तीर्थस्नान अशी प्रायश्चित्ते आहेत, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. अपाय मानला की भरपाई त्याचीच करावी लागते, माफीही त्याच्याकडेच मागावी लागते. तो माणूस हयात नसेल तर ती मागणी कायमची राहून जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हाही अपायच नाही का? त्या काळी हिंदुस्थानातली न्यायालये 1868 च्या इंग्लिश ‘हिकलिन’ निकालाची कसोटी लावत: सहज बिघडू शकणाऱ्या मनांना मजकूर बिघडवील का? असा कच्च्या मनाचा वाचक नुसता कल्पिला तरी शिक्षेला पुरे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी 2014 मध्ये सोडून दिली. माझ्या मते, न आवडलेले मासिक मिटून ठेवता येते. लादलेले गरोदरपण मिटून ठेवता येत नाही. दोन्हींना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे आहे.

आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ‘संवैधानिक नैतिकता’ ही कल्पना मांडली आणि ती आपल्या लोकांना अजून शिकायची आहे, असे बजावले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले, तेव्हा याच कल्पनेचा आधार घेतला. म्हणजे बहुसंख्यांना एखादी गोष्ट किळसवाणी वाटते, एवढ्यावर कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

अपायाची ही कसोटी आज आपल्या गावांतही हवी आहे. जातीबाहेर लग्न केले म्हणून जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते आणि तेच नीतीचे रक्षण मानले जाते. त्या लग्नाने अपाय कुणाचा झाला, हे पंचांना सांगता येणार नाही. बहिष्काराने मात्र त्या घराचे किराणा दुकान, लग्नकार्य, मयत, सारे काही तुटते. महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्याने असा सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या ओळखीत असे कुटुंब असेल, तर तक्रार द्यायला त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा.