टिपणशोधन, संगणकीय
संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींत साठविलेल्या वैयक्तिक टिपणांतून हवा तो शब्द किंवा शब्दबंध कळफलकावरून आज्ञा टंकून शोधण्याची पद्धती. ‘ग्रेप’ ही आज्ञावली हे तिचे सर्वपरिचित साधन होय.

इतिहास : अमेरिकन गणितज्ञ स्टीव्हन क्लेनी (१९०९–९४) यांनी १९५० नंतरच्या दशकात नियमित पदावलीची संकल्पना मांडली. हिच्या योगे अनेक शब्दरूपांचे वर्णन एकाच संक्षिप्त चिन्हरचनेत करता येते. केनेथ टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये तिच्यावर आधारलेली शोधरीती प्रसिद्ध केली व पुढे बेल प्रयोगशाळेत ग्रेप तयार केली. १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत तिचा समावेश झाला. ‘एड’ या मजकूर-संपादकात जुळणाऱ्या सर्व ओळी छापण्यासाठी असलेल्या ‘जी/आरई/पी’ या आज्ञेवरून तिचे नाव पडले.

कार्यपद्धती : ग्रेप पूर्वतयार सूची वापरत नाही, प्रत्येक फाइल वाचून जुळणारी ओळ दाखविते. त्यामुळे नुकतेच लिहिलेले टिपणही तत्काळ सापडते. ‘एन’ या पर्यायाने ओळीचा क्रमांक, ‘एल’ने केवळ फाइलींची नावे, तर ‘सी’ने मागील-पुढील ओळीही मिळतात. काही हजार टिपणांसाठी ही रीत पुरेशी जलद असते. संग्रह फार मोठा असल्यास मात्र सूचीवर आधारित आज्ञावली सोयीच्या ठरतात.

मराठी टिपणे : मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते, हे शोधताना ध्यानात घ्यावे लागते. उदा., ‘पाणी’ असा शोध घेतल्यास ‘पाण्यात’ हे रूप सापडत नाही. ‘पाण’ एवढेच दिल्यास दोन्ही सापडतात, पण ‘पाणबुडी’ही येते. पदावलीतील टिंब कोणत्याही एका चिन्हाचे स्थान घेते. म्हणून ‘म.ल’ या रचनेने ‘मूल’ व ‘मुलाला’ ही दोन्ही रूपे मिळतात. मात्र ‘मोल’ व ‘माल’ हेही त्यांबरोबर येतात. ‘दुसऱ्या’सारखा शब्द युनिकोडमध्ये एकाहून अधिक चिन्हक्रमांनी लिहिता येतो, डोळ्यांना सारखी दिसणारी रूपे संगणकाला भिन्न वाटतात. १९७७ आणि 1977 यांचेही तसेच आहे. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या जुन्या मराठी फाइलींत देवनागरी अक्षरांऐवजी अन्य लिपीचे संकेतांक साठविलेले असतात. रूपांतर केल्याविना त्यांतील एकही शब्द अशा शोधात सापडत नाही.

मर्यादा : ग्रेप अक्षरे जुळविते, अर्थ नव्हे. ‘दुष्काळ’ शोधणाऱ्यास ‘अवर्षण’ या शब्दाने लिहिलेले टिपण मिळणार नाही. म्हणून टिपणाच्या आरंभी विषयवाचक शब्द ठरावीक रूपात लिहून ठेवणे हितावह असते. साध्या मजकुराची फाइल विशिष्ट आज्ञावलीवर अवलंबून नसल्याने, ती आज्ञावली कालबाह्य झाली तरी टिपण वाचता व शोधता येते. हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ होय.