आधी माप, मग माग!

बालमित्रांनो, आमच्या म्हसवडची घोंगडी कधी पांघरली आहे का? माणदेशातल्या मेंढ्यांच्या लोकरीपासून सणगर लोक ही घोंगडी मागावर विणतात. आधी सुताचा ताणा लावायचा, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मगच विणायला बसायचं. आता गंमत बघा. ताणा एकदा मागावर चढला, की घोंगडीची रुंदी ठरून गेली! निम्मी विणून झाल्यावर गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "अहो, मला वीतभर जास्त रुंद हवी होती," तर काय उपयोग? सगळं उसवावं लागणार. म्हणून जाणता विणकर आधीच विचारून घेतो. कुणासाठी हवी? पांघरायला की अंथरायला? किती हात लांब, किती हात रुंद?

संगणकाचं सॉफ्टवेअर बनवतानाही अगदी हेच करावं लागतं. 'नक्की काय हवं' हे आधी कसं लिहून काढायचं, यावर शास्त्रज्ञ गेली पन्नास-साठ वर्षं संशोधन करत आहेत. आणि त्यातलं काही महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालं आहे बरं का!

आज्ञाधारक, पण भोळा गडी

संगणक फार आज्ञाधारक असतो. सांगितलं तेवढं बिनचूक करतो. पण न सांगितलेलं स्वतःहून ओळखत नाही. त्याला द्यायच्या सूचनांची यादी म्हणजे प्रोग्रॅम. मोठ्या कामासाठी अशा लाखो ओळी लागतात आणि त्या शेकडो माणसं मिळून लिहितात. मग एकाला वाटतं हे दुसरा बघेल, दुसऱ्याला वाटतं ते पहिला बघेल! १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी देशोदेशीचे तज्ज्ञ याच काळजीने जमले होते. पूल बांधताना इंजिनिअर आधी आराखडा काढतो, तशीच शिस्त सॉफ्टवेअरलाही हवी, हा विचार तिथून जोरात पुढे आला.

कामाच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. काय हवं ते नेमकं लिहिणं ही पहिली. तिला स्पेसिफिकेशन म्हणतात. ते कसं साधायचं याचा आराखडा ही दुसरी. आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणं ही तिसरी. घाईची माणसं एकदम तिसरीवर उडी मारतात आणि तोंडघशी पडतात!

चाळीस सेकंदांत सारं संपलं

४ जून १९९६. युरोपातल्या देशांचं एरियन-५ हे नवंकोरं रॉकेट दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून पहिल्यांदाच झेपावलं. आत चार उपग्रह होते. पण जेमतेम चाळीस सेकंदांत ते वळलं, तुटलं आणि आकाशातच नष्ट झालं. माणूस कुणी आत नव्हता हे नशीब. पण कित्येक वर्षांची मेहनत गेली.

झालं काय होतं? दिशा सांगणारा प्रोग्रॅम जुन्या एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. त्यात एका आकड्यासाठी ठेवलेल्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच संख्या मावत होती. नवं रॉकेट जास्त वेगाचं, त्यामुळे संख्या त्याहून मोठी झाली आणि तो संगणक बंद पडला. मदतीला ठेवलेल्या दुसऱ्या संगणकातही तोच प्रोग्रॅम होता, तोही बंद! जुन्या रॉकेटवर हाच प्रोग्रॅम बिनतक्रार चालला होता. पण नव्या रॉकेटचा मार्ग कसा असेल, हे त्याच्या मागणीत कुणी लिहिलंच नव्हतं. चौकशी समितीनेही स्पेसिफिकेशन आणि आराखड्यातल्या चुकांवरच बोट ठेवलं.

वीज गेली तर?

रॉकेट आपल्यापासून लांब. पण बँक तर जवळच आहे ना? म्हसवडमध्ये १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अशा बँकेत कष्टकरी बायका पै-पै साठवतात. समजा, कुठल्याही बँकेत आईच्या खात्यातून ताईच्या खात्यात ५०० रुपये टाकायचे आहेत. संगणकाने आईचे ५०० वजा केले आणि तेवढ्यात वीज गेली! ताईला मिळाले नाहीत, आईकडेही उरले नाहीत. मग पैसे गेले कुठे?

म्हणून आधीच लिहून ठेवावं लागतं : 'वजाबाकी आणि बेरीज दोन्ही व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. दोन्ही खात्यांची मिळून रक्कम आधी होती तेवढीच राहावी.' किती साधा नियम! पण तो लिहिला नाही, तर संगणकाला कसा कळणार?

पुण्यातली प्रयोगशाळा

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली पुण्यात एक संशोधन संस्था काढली. तिचं नाव टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटर. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची युक्ती याच संस्थेतल्या लोकांनी शोधली. आणि इथेच सॉफ्टवेअरच्या आराखड्यांवरही काम सुरू झालं.

इथे काम केलेल्या केशव नोरी यांनी त्याआधी, १९७०च्या दशकात, झुरिचमध्ये पास्कल या संगणकभाषेचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर काम केलं होतं. मग एक पायरी पुढे का जाऊ नये? माणसाने फक्त आराखडा काढावा आणि त्याचं रूपांतर संगणकाने करावं! विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांचे सहकारी याच वाटेने गेले. पडद्यावर काय दिसेल, कामाचे नियम कोणते आणि माहिती कुठे साठवायची, या तिन्हींचे आराखडे ते वेगवेगळे काढत. ते एकमेकांशी जुळतात का हे संगणकच तपासे आणि त्यांच्यापासून प्रोग्रॅमच्या ओळीही तयार करी. या साधनाचं नाव मास्टरक्राफ्ट. फायदा असा, की संगणक जुना होऊन नवा आला, तरी नियमांचा आराखडा तोच राहतो; बदलायचं ते फक्त रूपांतर.

पण एक गोष्ट यंत्र करू शकत नाही. आराखडाच चुकीचा असेल, तर प्रोग्रॅमही चुकीचाच निघणार! आज कृत्रिम बुद्धिमत्ता सांगितल्याबरोबर प्रोग्रॅम लिहून देते. म्हणजे नेमकं सांगता येणं आता आणखीच मोलाचं झालं, नाही का?

करून पाहा

एका कागदावर घराचं साधं चित्र काढा. ते मित्राला न दाखवता, ते कसं काढायचं याच्या दहा सूचना लिहा. मित्राने फक्त त्या वाचून चित्र काढायचं, प्रश्न विचारायचा नाही. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. दार कुठे गेलं? खिडकी केवढी झाली? मित्राला हसू नका, आपल्या सूचनेत काय राहिलं ते शोधा, दुरुस्त करा आणि ती दुसऱ्या मित्राला द्या. आई-बाबांनाही खेळात घ्या. आणि उद्या दुकानातून काही आणायला सांगितलं, तर पळत सुटण्याआधी विचारा : "केवढं? कुठलं? आणि ते नसेल तर काय आणू?"