वर्षाकांठीं आठ तास

नॉर्वे देशांतील स्टॅव्हँजर शहरीं राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याचीं दोन मुलें २०११ सालीं तेथील बालकल्याण खात्यानें आपल्या ताब्यांत घेतलीं, ती हकीकत कित्येक वाचकांच्या स्मरणांत असेलच. मुलांना हातानें भरविणें व आपल्याजवळ निजविणें हाच आपला अपराध ठरला, असें त्या आईबापांचें म्हणणें होतें. खात्यानें तें मान्य केलें नाहीं. २०१२ च्या एप्रिलांत मुलें भारतांत परत आलीं. आपल्याकडे बहुतेकांनीं हा सारा प्रकार पौर्वात्य आणि पाश्चात्त्य चालीरीतींचा झगडा समजून सोडून दिला. त्याच देशांतील एका नॉर्वेजियन मातेचा खटला वाचल्यापासून मात्र आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, दोषाचें मूळ चालीरीतींहून खोल आहे.

हा खटला ‘स्ट्रँड लोबेन विरुद्ध नॉर्वे’ या नांवानें प्रसिद्ध आहे. २००८ सालीं एक तरुण स्त्री गरोदर होती, एकटी होती, आणि तिला राहावयास स्थिर जागा नव्हती. तिनें आपण होऊनच बालकल्याण खात्याकडे साहाय्य मागितलें व प्रसूतीनंतर कांहीं महिने देखरेखीखालच्या कुटुंबगृहांत राहण्याचें कबूल केलें. सप्टेंबरांत मुलगा झाला. तेथील सेविकांस दिसलें कीं, बाळाचें वजन नीट वाढत नाहीं आणि आईस त्याची भूक, त्याचें रडणें उमगत नाहीं. आईनें तेथून निघावयाचें ठरवितांच खात्यानें बाळ तांतडीनें काढून घेऊन दुसऱ्या एका कुटुंबांत सांभाळावयास दिलें. तें तेव्हां जेमतेम तीन आठवड्यांचें होतें.

आपल्या घरांतली पहिलटकरीण तरी काय निराळी असते? परंतु तिच्या उशाशीं आई असते, सासू असते, एखादी आत्या रात्रीं बाळ खांद्यावर घेऊन माजघरांत फेऱ्या घालीत असते. तिच्या अजाणपणावर टोमणे पडतात, पण त्याची नोंद कोणी वहींत करून ठेवीत नाहीं. उलटपक्षीं हेंही खरें कीं, भरल्या घरांतही मुलांची आबाळ होते, मारहाण होते, आणि घराच्या अब्रूखातर ती झांकली जाते. तेव्हां सरकारनें दार ठोठावणें हें सर्वदा पापच, असें आम्ही म्हणणार नाहीं. तीन आठवड्यांच्या बाळाची काळजी वाटून खात्यानें तें हलविलें, यांतही आम्हांस दुष्टावा दिसत नाहीं.

खरी गोम पुढेंच आहे. ऑगस्ट २००९ मध्यें शहर न्यायालयानें मूल हळूहळू आईकडे परत द्यावें, असा निर्णय दिला. वजन न वाढण्यास डोळ्यांचा संसर्गही कारण असूं शकेल, असें त्यास वाटलें. एप्रिल २०१० मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला, आणि आईनें मुलास वर्षांतून चार वेळां, दर वेळीं दोन तास भेटावें, असें ठरवून दिलें. म्हणजे वर्षाकांठीं आठ तास, आणि तेही पहाऱ्याखालीं! दीड-दोन वर्षांच्या लेंकरानें एवढ्यांत आई ओळखावी कशी? तें भेटींनंतर रडे, अस्वस्थ होई. आणि तीच अस्वस्थता कागदावर उतरली. डिसेंबर २०११ मध्यें जिल्हा मंडळानें आईचा पालकत्वाचा अधिकार काढून घेतला व सांभाळणाऱ्या कुटुंबास मूल दत्तक घेण्याची अनुज्ञा दिली. मुलाचा जीव त्या घराशीं जडला आहे, हें त्याचें एक प्रमुख कारण. जडणार नाहीं तर काय! एकीकडे ताटातूट करावयाची आणि दुसरीकडे तिचेंच फळ पुरावा म्हणून पुढें मांडावयाचें! दरम्यान त्या स्त्रीनें विवाह केला होता, तिला मुलगीही झाली होती, आणि ती मुलगी तिच्याजवळच वाढत होती. तरीही २०१२ मध्यें शहर न्यायालयानें मंडळाचा निर्णय कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयानें अपील ऐकण्यास नकार दिला.

मग ती स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे गेली. १९५० च्या युरोपीय करारांतील आठव्या कलमानें प्रत्येकाच्या कौटुंबिक जीवनास संरक्षण दिलें आहे, त्यावर तिची सारी भिस्त होती. नोव्हेंबर २०१७ मध्यें सात न्यायाधीशांपैकीं चौघांनीं तिच्याविरुद्ध मत दिलें. तिनें प्रकरण सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढें नेलें. १० सप्टेंबर २०१९ रोजीं तेरा विरुद्ध चार मतांनीं निकाल तिच्या बाजूनें लागला. अशा विरळ भेटींवरून आईच्या लायकीविषयीं ठाम अनुमान काढण्यास आधार अपुरा होता; तज्ज्ञांचे अहवाल जुने झाले होते; तिच्या संसारांत झालेल्या बदलाचें नीट मूल्यमापन झालें नव्हतें, असें पीठानें नमूद केलें. मूल ताब्यांत घेणें हा तात्पुरता उपाय असून पुनर्मीलन हें ध्येय असलें पाहिजे, हें जुनेंच तत्त्व त्यानें पुन्हा बजाविलें. मार्च २०२० मध्यें नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही अशाच प्रकरणांत तेथील न्यायालयांस त्या धोरणाची दिशा दाखविली.

मातेस २५,००० युरो भरपाई देण्याचा आदेश झाला. दत्तविधान रद्द करण्याचा अधिकार मात्र स्ट्रासबर्गच्या न्यायालयास नाहीं. निकाल वाचला गेला तेव्हां मुलास अकरावें वर्ष पुरें होण्यास दोनच आठवडे उरले होते.